चांदीचं भूत आणि पातळ पत्रा

मराठी माणसाला दोन गोष्टींवर कुठलाही अभ्यास न करता मत देता येतं. एक नाटक आणि दुसरी दुसऱ्याची मोटार. नाटकाला निदान तिकीट काढून तीन तास बसावं लागतं. मोटारीचं तसं नाही. नवी गाडी दारात उभी राहिली रे राहिली, की शेजारचे अण्णा सदऱ्याच्या बाह्या सारत फाटकापर्यंत येतात, बोटाच्या पेरानं बॉनेटवर टक् टक् करतात, डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी मान तिरकी करून आवाज ऐकतात आणि निदान सांगतात, "पत्रा पातळ आहे हो."

संपली समीक्षा. सात वर्षांचं कर्ज, चार महिन्यांचं वेटिंग, रंगावरून घरात झालेले तीन अबोले, सगळं त्या चार शब्दांत निकालात निघतं. मग अण्णा हात मागे बांधून उरलेला अभिप्राय देतात, "पूर्वीच्या गाड्या म्हणजे कशा, लोखंडाच्या! रणगाडे नुसते!"

पुण्या-मुंबईला हे वाक्य अलंकार म्हणून खपून जातं. नगरला ते जपून वापरावं लागतं, कारण इथे रणगाडे आहेत आणि ते तिकीट काढून बघता येतात.

नगर हे गाव (२०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) बाहेरच्यांना भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि शिर्डीला जाताना लागणारी वाहनांची रांग, एवढ्यावरच ठाऊक असतं. पण चाकांच्या बाबतीत या गावाचा अधिकार मोठा आहे. लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे. वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई इथे, आणि तिच्या वस्तीचं नावच मुळी वाहननगर. साध्या नागरी गाड्यासुद्धा रस्त्यावर येण्याआधी मंजुरीसाठी ज्या मोजक्या संस्थांत तपासल्या जातात त्यांत हिचा नंबर लागतो. शिवाय फिरोदियांच्या कायनेटिकचा कारखाना इथे. १९७२ साली आलेल्या त्यांच्या लुनावर नवरा, बायको, मधे एक मूल आणि पुढे पायांशी गव्हाची पिशवी असा आख्खा संसार ज्या गावानं चालवून दाखवला, त्या गावाला कौटुंबिक वाहन म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. पायडल असलेली कौटुंबिक गाडी जगात दुसरीकडे कुठे झाली असेल असं मला वाटत नाही.

आणि आणखी एक अधिकार आहे, तो वाङ्मयीन. मराठी समीक्षेतलं सगळ्यांत गाजलेलं भांडण म्हणजे 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला'. त्यातल्या पहिल्या पक्षाचे सेनापती ना. सी. फडके हे याच जिल्ह्यातल्या कर्जतला १८९४ साली जन्मले. दुसऱ्या बाजूला खांडेकर. फडक्यांच्या नायकाला मोटार आणि खांडेकरांच्या नायकाला ध्येय आणि पायपीट, अशी चेष्टा वाचकांत बरीच वर्षं चालायची. या वादावर आमच्या आधीच्या पिढीनं किती चहा संपवला याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला तो वाद कॉलेजात परीक्षेपुरता समजला होता. नीट समजला तो टँक म्युझियममध्ये.

हे कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. सोलापूर रस्त्याच्या अंगाला आहे. आशियातलं आपल्या जातीचं एकमेव, अशी त्याची ख्याती. पन्नासएक लढाऊ वाहनं तिथे झाडांच्या सावलीत अशी शांत उभी आहेत, की पेन्शनरांच्या कट्ट्याची आठवण व्हावी. प्रत्येकाची एकेक लढाई, प्रत्येकाचा एकेक देश, आणि आता सगळ्यांचं माळीकाम एकत्र. १९६५ च्या युद्धात ज्यांची हवा फार झाली आणि लवकरच गेली ते पॅटनही आहेत. नगरकर पाहुण्यांना इथे आणतो, पॅटनपुढे फोटो काढतो आणि भेळ खायला परत नेतो. त्या गडबडीत एका म्हातारीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ती रोल्स-रॉइस आहे. सिल्व्हर घोस्ट. अंगावर चिलखत, डोक्यावर बंदुकीचा बुरूज. संग्रहालयातली ही सगळ्यांत जुनी गाडी.

आमचे नाशिकचे मेव्हणे तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी पाटी वाचली. मग तिथल्या जवानाला अत्यंत आदरानं विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

जवान हसला. मेव्हणे हसले नाहीत. मला विचाराल तर प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला उत्तरही आहे. १९११ साली कंपनीनं यातली एक गाडी लंडनहून एडिंबरोला आणि परत अशी आणली, तीही सबंध वाट टॉप गिअरमध्ये. त्या प्रवासात तिनं गॅलनला सव्वाचोवीस मैल दिले. आपल्या हिशेबात लिटरला साडेआठ किलोमीटर. अर्थात चिलखत चढवण्याआधी. मेव्हण्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपली बरी."

हे 'आपली बरी' मला तेव्हा फार खटकलं होतं. रोल्स-रॉइसला आणि आमच्या तीन सिलिंडरच्या, पांढऱ्या, मागच्या काचेवर बाळकृष्णाचं स्टिकर असलेल्या गाडीला एका तागडीत तोलायचं म्हणजे भीमसेनांची मैफल आणि सोसायटीच्या सत्यनारायणातली आरती यांची तुलना. पण समीक्षेत एकदा तागडी हातात घेतली की दोन्ही पारड्यांत काहीतरी टाकावंच लागतं. तर टाकू या.

या गाडीचं कागदावरचं नाव रुक्ष होतं, ४०/५० हॉर्सपॉवर. १९०६ साली ती आली. पुढच्या वर्षी कंपनीनं एका गाडीला ॲल्युमिनियमचा रंग दिला, बाहेरच्या भागांना चांदीचा मुलामा दिला आणि तिचं नाव 'सिल्व्हर घोस्ट' ठेवलं. घोस्ट अशासाठी, की ती येते ते ऐकू येत नाही. चांदीचं भूत. पुढे ते नाव तिच्या सगळ्या भावंडांना चिकटलं. इंजिन सहा सिलिंडरचं आणि सात लिटरचं, म्हणजे आमच्या गाडीची सहा इंजिनं तिच्या एका इंजिनात मावतील. हलकी बॉडी चढवून ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या धावपट्टीवर सोडली तेव्हा तिनं ताशी १६० किलोमीटरचा आकडा ओलांडला. स्पोर्ट्स कार हा शब्दसुद्धा तेव्हा रांगत होता. आल्प्सच्या घाटांतल्या शर्यतींत ती उतरली आणि त्यातून निघालेल्या तिच्या वाणाला 'अल्पाइन ईगल' म्हणू लागले. तेव्हा अंगावरचं चिलखत बघून तिला कुणी म्हातारी हवालदारीण समजू नये. तरुणपणी ती फार वेगवान होती.

चालवणाऱ्याचा मात्र घाम काढायची. सुरुवातीला तिला स्टार्टर नव्हता, पुढे जाऊन हँडल मारायचं. स्टिअरिंगवर छोटे दांडे, त्यातल्या एकानं ठिणगी आधी पडावी की नंतर हे ड्रायव्हरनं ठरवायचं. हे काम आता आमच्या गाडीत एक चिप सेकंदाला कितीतरी वेळा करते आणि मला कळवतसुद्धा नाही. गिअर टाकायला कान हवा. इंजिनाचा सूर आणि गिअरचा सूर जुळला की दात दातांत बसणार, नाहीतर असा करकराट, की रस्त्यातल्या लोकांनी मागे वळून बघावं. आणि ब्रेक? जवळजवळ शेवटपर्यंत फक्त मागच्या चाकांना. पुढच्यांना ते आले १९२३-२४ च्या सुमारास. अशी गाडी ताशी शंभरच्या वर नेणाऱ्या माणसाला प्रवासी म्हणत नाहीत, कलावंत म्हणतात. ज्याला उद्या सकाळी ऑफिस आहे त्यानं त्याच्या शेजारी बसू नये.

हीच ती कलेसाठी कला. स्पोर्ट्स कार कुठे जायला नसते, ती नुसती जायला असते. तिच्यात ड्रायव्हर हा नायक, बाकीचे सगळे वजन. हे मी मनानं सांगत नाही. १९१२ साली आल्प्सच्या शर्यतीत एका इंग्रज गृहस्थानं आपली सिल्व्हर घोस्ट उतरवली. काट्शबर्ग नावाच्या खिंडीतल्या उभ्या चढावर ती थांबली आणि पुन्हा हलेना. तीन गिअर होते, त्यातला पहिलाही त्या चढाला मोठा पडला. शेवटी माणसं खाली उतरवली तेव्हा गाडी वर गेली. जगातल्या सर्वोत्तम गाडीतून, आल्प्समध्ये, सुटाबुटातली माणसं 'थांबा हं, आम्ही उतरतो' म्हणून उतरली, हे चित्र मला रोल्स-रॉइसच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा आवडतं. कारण आम्ही मोहटादेवीला जाताना करंजीच्या घाटात आई, मावशी, दोन मुलं, ओटीचं सामान आणि वीस लिटरचा पाण्याचा जार यांच्यासकट जातो आणि कुणीही उतरत नाही. मावशी तर पायातल्या चपलासुद्धा उतरवत नाहीत.

आता कंपनीनं काय केलं ते बघा. तिनं चढाला नावं ठेवली नाहीत. वर्षभरात चार गिअर बसवले, १९१३ साली पुन्हा तिथेच गाड्या नेल्या आणि घाट मारून आणला. टीका ऐकावी तर अशी.

आणि इथेच माझी तागडी हलायला लागली. या गाडीची कीर्ती मुळात कशावरून झाली? १९०७ साली त्या चांदीच्या भुताची पंधरा हजार मैलांची परीक्षा झाली. पंच शेजारी बसलेले. लंडन-ग्लासगो, ग्लासगो-लंडन अशा येरझाऱ्या. एवढ्या सगळ्या प्रवासात गाडी आपणहून फक्त एकदा थांबली, कारण हादऱ्यानं पेट्रोलची चकली फिरून बंद झाली होती. ती उघडली आणि गाडी पुढे गेली. शेवटी सगळी उकलून झिजलेले भाग बदलले, त्याचा खर्च दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. या बातमीनं जग थक्क झालं. गाडी थांबत नाही! आवाज करत नाही! खर्च काढत नाही!

म्हणजे बघा, ज्या गुणांसाठी तिला डोक्यावर घेतलं ते शर्यतीचे नव्हतेच. ते घरच्या गाडीचे गुण होते. आज चोवीस हजार किलोमीटरमध्ये नवी गाडी एकदाही बंद पडली नाही तर आपण पेढे वाटत नाही. पडली, तर मात्र शोरूममध्ये जाऊन असा आवाज चढवतो, की भुतानं पळावं. एका काळाचा चमत्कार पुढच्या काळात हक्क होतो आणि मग त्याच्याकडे कुणी बघत नाही. आमच्या गाडीत एसी चालू असला तर इंजिन चालू आहे की नाही हे मला डोळ्यांनी बघून कळतं. रॉइससाहेबांना हे दाखवलं असतं तर ते आमच्या गाडीचं बॉनेट उघडून दिवसभर तिथेच बसले असते. त्यांना जे करायचं होतं ते आता वाण्याच्या मुलाकडेसुद्धा आहे, आणि तो त्यात शेंगदाण्याची पोती नेतो.

मग घरच्या गाडीला शंभर मार्क देऊन मोकळं व्हावं का? मुळीच नाही. तिच्यावरची माझी टीका वेगळी आहे आणि ती पत्र्याबद्दल नाही, रूपाबद्दल आहे.

सिल्व्हर घोस्टचं रूप इंजिनिअरनं ठरवलं. लांब इंजिन म्हणून लांब बॉनेट. आमच्या गाडीचं रूप अर्थमंत्र्यांनी ठरवलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणला आणि छोटी गाडी कुणाला म्हणायचं ते पट्टीनं मोजून सांगितलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत, डिझेल पंधराशेच्या आत. तेव्हापासून आपल्या देशातल्या बहुतेक घरच्या गाड्या तीन हजार नऊशे नव्वदच्या पुढे चार-पाच मिलिमीटरवर येऊन, पोट आत घेऊन उभ्या असतात. काही लांबोडक्या गाड्यांची तर डिकी अशी छाटली, की मागून येणाऱ्याला वाटावं, उरलेली गाडी मागच्या ट्रकमधून येते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही मोजपट्टी तीच राहिली. आतल्याला अठरा टक्के, बाहेरच्याला चाळीस. सौंदर्यशास्त्राचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी रूपाची अनेक प्रयोजनं सांगितली आहेत, पण त्यांत कराचा टप्पा राहून गेला.

याहून मला खटकतं ते सोंग. बाराशे सीसीची, चौकोनी संसाराची, मागे मुलांच्या बिस्किटांचा चुरा पडलेली ही गाडी अलीकडे जंगलात निघाल्यासारखी नटते. चाकांवर काळ्या प्लॅस्टिकचे जाड पट्टे. बंपरखाली चंदेरी रंगाची ढाल, तीही प्लॅस्टिकची. छतावर सामानासाठी दांड्या, ज्यांवर सामान बांधू नये असं मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात सांगितलेलं असतं. नाव विचाराल तर एसयूव्ही. सोंगाला माझी तत्त्वतः हरकत नाही, सिल्व्हर घोस्टनंसुद्धा सोंग घेतलंच होतं. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनी याच श्रीमंती चासींवर पोलादी चिलखत चढवलं, वर फिरता बुरूज, बुरुजात व्हिकर्स मशिनगन. सगळं मिळून वजन साडेचार टनांच्या पुढे. आणि तरीही ती सत्तरच्या वेगानं पळायची. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सनं या गाड्या पळवल्या. मेजवानीला जायच्या गाडीवर खरं चिलखत घालून तिला खऱ्या लढाईवर पाठवलं, आणि ती गेली. आपण उलटं करतो. खोटं चिलखत घालतो आणि भाजी आणायला जातो.

आणि ते 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण! फडके आणि खांडेकर एकाच डॅशबोर्डवर बसवण्याचा तो प्रयत्न आहे. आमच्या चिरंजीवांनी मनमाड रस्त्यावर एकदा ते दाबलं. स्टिअरिंग जड झालं, पडद्यावर लाल रंग आला, इंजिन घशातल्या घशात गुरगुरलं. मागून सौ.चा आवाज आला, "काय झालं रे तिला? काही बिघडलं का?" चिरंजीवांनी बटण परत दाबलं. एकूण शर्यत अकरा सेकंद चालली.

इतकं बोलल्यावर मी पत्र्याकडे येतो, कारण तिथे मी अण्णांना सोडणार नाही.

चिलखती रोल्सचं पोलाद जास्तीत जास्त बारा मिलिमीटर जाड. अण्णांनी त्यावर टक् टक् केलं तर त्यांच्याच बोटाचा आवाज येईल. ते पोलाद बंदुकीच्या गोळीसाठी होतं. शत्रू लांबून गोळी मारतो, गोळी लहान असते, ती अडली की झालं. पण घरच्या गाडीचा शत्रू गोळी नाही. तो समोरून चुकीच्या बाजूनं येणारा उसाचा ट्रॅक्टर आहे, ज्याच्या दुसऱ्या ट्रॉलीला मागचा दिवा नाही. किंवा आपलाच वेग. अशा धडकेत जाड, न वाकणारी गाडी जागच्या जागी थांबते. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो मघाच्याच वेगानं पुढे जातो आणि त्या अभंग लोखंडावर आपटतो. पूर्वीच्या अपघातांनंतर 'गाडीला फारसं काही झालं नव्हतं हो' असं हळहळून सांगितलं जायचं, ते याच कारणानं.

देवगडहून हापूस येतो तो पोलादी पेटीत येत नाही. साध्या खोक्यात, पेंढ्यात येतो. पेंढा दबतो म्हणून आंबा दबत नाही. पेंढा काढून पेटी दणकट केली तर घरी आमरस पोचेल, तोही सालीसकट. आजच्या गाडीचं नाक हा पेंढा आहे. ते मुद्दाम चुरगळेल असं बनवतात. ते जितकं रीतसर चुरगळेल तितका थांबायला वेळ मिळतो, सेकंदाचे काही शतांश, आणि त्या शतांशांत पट्टा माणसाला धरतो आणि एअरबॅग फुगते. खरं पोलाद असतं ते मागे, माणसांच्या खोलीभोवती. तिथे अण्णा कधी टक् टक् करत नाहीत. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी अडथळ्यावर आपटून हे तपासतात. भारतात बनलेल्या गाडीला या परीक्षेत पहिल्यांदा पाच तारे मिळाले ते डिसेंबर २०१८ मध्ये, ग्लोबल एनकॅपकडून. ती गाडी टाटांची नेक्सॉन, आणि ती बनते नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली आहे. चिलखती रोल्सला या परीक्षेत बसवलं असतं तर गाडी शाबूत राहिली असती. तिला पास करणारा परीक्षक मात्र मिळाला नसता.

म्हणजे दोघींचा स्वभाव असा: भूत स्वतः मोडत नाही. आमची पातळ पत्र्याची बाई आधी स्वतः मोडते. मी तिला पुष्कळ नावं ठेवली, अजूनही ठेवीन, पण दोघींत आईला कुठल्या गाडीत बसवायचं हे ठरवायला मला वेळ लागत नाही.

बसवायचं एवढंच, पण पट्टा लावून. इथे घरच्या समीक्षकांशी गाठ असते. 'मागे कशाला पट्टा?' हे वाक्य 'पत्रा पातळ आहे' याचंच सख्खं भावंड. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी उत्तम जर्मन बनावटीची होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्यांनी पट्टा लावण्याचा नियम त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकात होता. ती बातमी आमच्या घरी टीव्हीवर लागली तेव्हा आई निवडत असलेली मेथी खाली ठेवून उठली. म्हणाली, "तो मागचा पट्टा सीटखाली गेलाय तो काढून ठेव." विनोदी लेखकाला याहून जास्त काही लिहिता येणार नाही.

एक पारडं मात्र अजून त्या म्हातारीकडेच झुकतं. तिची दुरुस्ती माणसाला करता यायची. दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स, आणि पाने, हातोडा, कान. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गेल्या दिवाळीत एक पिवळा दिवा लागला. एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे हात स्वच्छ असलेला एक मुलगा आला. मेकॅनिकचे हात स्वच्छ असले की माझा जीव खालीवर होतो. त्यानं स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सेन्सर दाखवतंय." मी म्हटलं, "काय झालंय त्याला?" तो म्हणाला, "काही झालं नसेल तरी दाखवतं." बिल काही झालं नसेल तरी द्यावं लागलं. शंभर वर्षांनी ही गाडी कुणी संग्रहालयात ठेवली तर सुरू करून दाखवायला कुणाला बोलावतील? चालू करायला हँडल नाही, ठोकायला पत्रा नाही, आणि तो लॅपटॉप तर गाडीच्या आधी भंगारात गेलेला असेल. आणि ठेवणार तरी कोण? घरच्या गाडीचं संग्रहालय होत नाही. तिचे फक्त फोटो उरतात, आणि त्यांत ती अर्धीच असते, कारण पुढे माणसं उभी असतात.

चालवणाऱ्याच्या बाजूनंही माझी तक्रार आहेच. सिल्व्हर घोस्टच्या ड्रायव्हरला आपण गाडी चालवतो हे प्रत्येक क्षणी कळत होतं. मला ते टोलनाक्यावर कळतं. एरवी ती बाईच पडद्यातून सांगते, 'तीनशे मीटरवर डावीकडे वळा,' आणि मी वळतो. पट्टा राहिला की टिंग. दार नीट लागलं नाही की टिंग. रिव्हर्स घेताना आमच्याच फाटकाजवळ, आमचीच तुळस मागे आहे म्हणून टिंग टिंग टिंग. मला बुरुजातली मशिनगन नको, पण कधीतरी एखादा निर्णय माझ्याकडेही असावा.

पण ही तक्रार ऐकायला गाडीत कुणी जागं नसतं. चिलखती रोल्सच्या बुरुजात, नगरच्या मे महिन्यासारख्या उन्हात तापलेल्या त्या पोलादात, कुणी डुलकी काढल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे केडगाव सुटलं की आईची मान एका बाजूला कलते, सुप्याच्या आत मावशींची, आणि शिरूरचा पूल येईपर्यंत मधल्या धाकटीचीही. पट्टे तिघींना लावलेले. मी एकटा आरशात बघत शंभराच्या आत गाडी ठेवतो. ताशी किती वेगानं जातोय हे त्या तिघींपैकी कुणालाही माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं.

आईला जाग येते ती रांजणगावच्या एमआयडीसीच्या पाट्या दिसायला लागल्या की. महागणपती अजून पुढे असतो. ती चष्मा सावरते, काचेतून बाहेर बघते आणि हात जोडते.

"आला का गणपती?"

"नाही गं, हे गाड्यांचे कारखाने."

"असू दे," ती म्हणते, आणि जोडलेले हात तसेच ठेवते.